तीस ग्रॅमचा दाब

(स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा संपादित मजकूर)



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर मुलांना पदार्थविज्ञान शिकवलं. शिकवताना हाताशी असलेली वस्तू उघडून दाखवायची, हा त्यांचा आग्रह होता. म्हणून विषयासाठी मी फार लांब गेलो नाही. आज मी बोलणार आहे घरगुती गॅसच्या रेग्युलेटरबद्दल. इथं बसलेल्या बहुतेकांच्या ओट्याखाली तो आहे. सकाळी चहाच्या आधी त्याला हात लागतो आणि एरवी त्याची आठवण होत नाही.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. रेग्युलेटर बिघडतो तेव्हा तो काम थांबवतोच असं नाही. पुष्कळदा तो काम करत राहतो, पण ज्या दाबाच्या आधारानं त्यानं काम करायचं, तोच दाब त्याच्यापर्यंत चुकीचा पोचत असतो, किंवा त्यानं केलेलं काम पुढे पोचत नसतं. बाहेरून पाहणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. म्हणून रेग्युलेटरची तपासणी नाकानं करून भागत नाही. त्याचा दाब मोजावा लागतो. आपल्याकडे घरोघरी तपासणीला येणारा माणूस तो क्वचितच मोजतो, ही मला मोठी उणीव वाटते.

आधी सिलिंडरकडे पाहू. आत प्रोपेन आणि ब्युटेन यांचं मिश्रण द्रवरूपात असतं. द्रवाच्या वरच्या मोकळ्या जागेत त्याची वाफ असते. या वाफेचा दाब ठरतो तापमानावर आणि मिश्रणातल्या प्रमाणावर. सिलिंडर किती भरलेला आहे याच्याशी त्याचा फारसा संबंध नाही. भरलेला सिलिंडर आणि पाव उरलेला सिलिंडर एकाच खोलीत असतील तर दोन्हींचा दाब जवळपास सारखा असतो. सिलिंडरवर बसवायचं काट्याचं उपकरण दारोदार विकलं जातं आणि त्यावरून शिल्लक गॅस कळतो असं सांगितलं जातं. तो तसा कळू शकत नाही. गॅस किती उरला हे वजन करूनच कळतं.

आपल्या हवामानात हा दाब साधारणपणे एका चौरस सेंटीमीटरवर ५ ते ८ किलो असतो. नाशिकला जानेवारीतल्या पहाटे कमी, नागपूरला मे महिन्यातल्या दुपारी जास्त. भारतीय मानकानं या मिश्रणासाठी ४० अंश सेल्सिअसला १,०५० किलोपास्कल, म्हणजे साडेदहा किलोच्या जरा वर, अशी कमाल मर्यादा घालून दिली आहे. आणि शेगडीला किती लागतो? एका चौरस सेंटीमीटरवर ३० ग्रॅम. सात किलोंचे तीस ग्रॅम, म्हणजे दोनशे तीस पटींहून जास्त घट, आणि तीही तळहातावर मावेल एवढ्या डबीत.

(येथे वक्त्यांनी इंग्रजी यू अक्षराच्या आकाराच्या काचेच्या नळीत रंगीत पाणी भरून ती श्रोत्यांना दाखवली.)

या नळीच्या एका तोंडाला ३० ग्रॅमचा दाब दिला की दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीत ३० सेंटीमीटरचा फरक पडतो. शाळेतल्या फूटपट्टीएवढी पाण्याची उंची. तुमची शेगडी एवढ्यावर चालते. शेगडीच्या आत जेट नावाचा एक पितळी तुकडा असतो. त्याच्या बारीक छिद्रातून गॅस वेगानं बाहेर पडतो आणि जाताना आजूबाजूची हवा आपल्याबरोबर ओढून घेतो. ते छिद्र बदलत नाही, त्यामुळे हवेचं आणि गॅसचं गणित जमायचं तर दाब स्थिर हवा. दाब कमी पडला तर ज्योत मलूल होते, कधी बर्नरच्या आत शिरते. वाढला तर ज्योत बर्नरपासून सुटून वर उचलली जाते, गॅस हवेच्या मानानं जास्त होतो, ज्वलन अर्धवट राहतं, भांड्यांची बुडं काळी होतात, आणि बंद स्वयंपाकघरात कार्बन मोनॉक्साइड साचू लागतो. त्याला वास नसतो.

हा दाबाचा प्रश्न घरात शिरला तो सिलिंडरबरोबर. मुंबईच्या रस्त्यांवर १८६५ साली गॅसचे दिवे लागले, तेव्हा तो कोळशापासून केलेला गॅस होता. त्या काळचा गॅस साठवला जाई पाण्यात तरंगणाऱ्या अवाढव्य लोखंडी टाक्यांमध्ये, आणि टाकीच्या स्वतःच्या वजनानं त्याला जेमतेम दाब मिळे. १९५५ साली बर्मा शेलनं मुंबईत सिलिंडरमधला गॅस विकायला सुरुवात केली आणि काही किलोंचा दाब थेट ओट्याखाली आला. १ मे २०१६ रोजी बलियामध्ये उज्ज्वला योजना सुरू झाली आणि तो कोट्यवधी नव्या स्वयंपाकघरांत गेला. त्या प्रत्येक ठिकाणी मोठ्या आणि छोट्या दाबाच्या मध्ये उभी आहे ही एकच डबी.

आता ती उघडू. टेबलावर मी मधोमध कापलेला एक रेग्युलेटर ठेवला आहे. नंतर प्रत्येकानं हातात घेऊन पाहावा.

आत दोन कप्पे आहेत आणि त्यांच्या मध्ये कापडावर चढवलेल्या रबराचा एक पडदा. पडद्याच्या खालच्या कप्प्यात गॅस असतो, वरच्यात एक स्प्रिंग आणि बाहेरची साधी हवा. ती हवा आत-बाहेर करू शकावी म्हणून झाकणाला एक बारीक छिद्र ठेवलेलं असतं. पडद्याला एक तरफ जोडलेली आहे आणि तरफेच्या दुसऱ्या टोकाला रबराची छोटी चकती. ही चकती सिलिंडरकडून येणाऱ्या गॅसच्या छिद्रासमोर असते. शेगडी पेटवली की खालच्या कप्प्यातला गॅस निघून जातो, तिथला दाब उतरतो, स्प्रिंग पडद्याला खाली ढकलते, तरफ चकतीला मागे घेते आणि नवा गॅस आत येतो. गॅस वापराहून जास्त आला तर पडदा वर उचलला जातो आणि चकती छिद्रावर दाबली जाते. गच्चीवरच्या टाकीतला फ्लोट हेच काम करतो. पाणी चढलं की नळ मिटतो, उतरलं की उघडतो. इथं पातळीच्या जागी दाब आहे.

हिशेबासाठी सोयीचे आकडे घेऊ. पडद्याचा व्यास ६ सेंटीमीटर धरला तर क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस सेंटीमीटर. त्यावर प्रत्येकी ३० ग्रॅम, म्हणजे एकूण साडेआठशे ग्रॅमच्या आसपास जोर. आत येणाऱ्या गॅसचं छिद्र अडीच मिलिमीटरचं धरलं तर ७ किलोंचा दाब चकतीवर साधारण ३४० ग्रॅमचा जोर लावतो. तरफ चारास एक असेल तर पडद्याला त्यातले फक्त ८५ ग्रॅम जाणवतात. म्हणून सिलिंडरमधला दाब सातावरून तीन किलोंवर आला तरी बाहेरचा दाब दोन ग्रॅमसुद्धा बदलत नाही. एक स्प्रिंग, एक तरफ आणि रबराचे दोन तुकडे मिळून हे साधतं. वीज लागत नाही, कुणाचं लक्ष लागत नाही. मला या रचनेबद्दल मनापासून आदर आहे. जेम्स क्लार्क मॅक्सवेलनं १८६८ साली स्वतःचं नियमन स्वतः करणाऱ्या यंत्रांवर निबंध लिहिला, तेव्हा त्याच्यासमोर प्रामुख्यानं इंजिनांचा वेग ताब्यात ठेवणारी यंत्रं होती. पण बाहेर जे घडतं त्याचा परिणाम परत आत पोचवायचा आणि त्यावरून पुढचं पाऊल ठरवायचं, ही युक्ती तीच.

आणि दोष याच युक्तीत शिरतो. रेग्युलेटरला जगातली एकच गोष्ट कळते: पडद्याच्या दोन बाजूंच्या दाबांतला फरक. बाकी सगळं त्याला गृहीत धरावं लागतं.

पहिला बिघाड चकतीचा. सिलिंडरच्या तळाशी गाळ असतो, तेलकट अवशेष असतो, गंजाचे कण असतात. यातला एखादा कण छिद्राच्या काठावर अडकला किंवा रबराला वर्षानुवर्षांच्या दाबानं वळ पडला, की चकती छिद्र पुरतं बंद करू शकत नाही. शेगडी चालू असताना यातलं काही कळत नाही, कारण झिरपणारा गॅस जळून जातो. धोका असतो शेगडी बंद असताना. दीड मीटर लांब आणि आतून ८ मिलिमीटर व्यासाच्या नळीत किती गॅस मावतो? सुमारे ७५ घनसेंटीमीटर, अर्ध्या कपाहूनही कमी. एवढ्याशा जागेतला दाब ३० ग्रॅमवरून ३०० ग्रॅमवर न्यायला जेमतेम २० घनसेंटीमीटर जादा गॅस पुरतो. मिनिटाला एक घनसेंटीमीटर झिरपला तर वीस मिनिटांत दाब दहापट. रात्रभरात काय होईल याचा अंदाज करा. शेगडीची खटकी, नळीचे सांधे, सगळं ३० ग्रॅमच्या हिशेबानं केलेलं असतं. सकाळी काडी लावल्याबरोबर क्षणभर मोठा भडका उठतो आणि मग ज्योत नेहमीसारखी होते. थोडा जोर प्रत्येक रेग्युलेटरमध्ये जास्त असतो, कारण रबर दाबून घट्ट बसवायला दोन-चार ग्रॅम जादा लागतात. पण रोज सकाळी भडका उठत असेल आणि तो वाढत चालला असेल, तर ती तक्रार करण्यासारखी गोष्ट आहे.

रात्री रेग्युलेटरची खटकी बंद करायची, या सूचनेमागचं कारण हेच. आपल्याकडच्या सिलिंडरच्या झडपेत एक खीळ असते. रेग्युलेटर चालू केला की ती खाली दाबली जाते आणि झडप उघडते. बंद केला की सिलिंडरची झडप आपोआप मिटते. म्हणजे चकती खराब असली तरी गॅसचा रस्ता तिच्या आधीच बंद होतो. पुष्कळ घरांत फक्त शेगडीची बटणं बंद करून झोपतात. कृपा करून तसं करू नका.

दुसरा बिघाड पडद्याचा. रबर वाळतं, त्याला चिरा जातात, बारीक भोक पडतं. मग गॅस वरच्या कप्प्यात जातो आणि झाकणाच्या छिद्रातून थेट ओट्याखाली. हा गॅस हवेपेक्षा दीड-दोन पट जड असतो, त्यामुळे तो वर न जाता फरशीवर पसरतो, कोपऱ्यात साचतो. हवेत त्याचं प्रमाण दोन टक्क्यांच्या जवळपास गेलं की तो पेट घेऊ शकतो. त्याला मुळात वास नसतो. मर्कॅप्टन नावाचं रसायन मिसळून तो उग्र वास दिलेला असतो, आणि पेट घेण्याइतकं प्रमाण होण्याच्या पुष्कळ आधी तो यावा अशी योजना असते. पण नाक ओट्याच्या उंचीवर आणि गॅस घोट्याच्या. शिवाय सर्दी असते, फोडणीचा वास असतो, म्हातारपणी घ्राणशक्तीही कमी होते.

याच जागी आणखी एक गोष्ट सांगतो. वर्तमानपत्रात 'सिलिंडरचा स्फोट' असा मथळा येतो. बहुतेक वेळा सिलिंडर शाबूत असतो. फुटलेलं असतं ते गॅसनं भरलेलं स्वयंपाकघर. सिलिंडर फुटतो तो सहसा आगीत सापडल्यावर. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण मथळा वाचून माणूस सिलिंडरला भितो, आणि खरा दोष असतो झडपेतल्या रबरी वायसरात, नळीत, रेग्युलेटरच्या पडद्यात. तिकडे पाहायचं राहून जातं.

तिसरा बिघाड मला सगळ्यांत विचार करायला लावणारा वाटतो. झाकणाचं ते बारीक छिद्र बुजतं. स्वयंपाकघरात पीठ उडतं, तेलाची वाफ बसते, त्यावर धूळ चिकटते. कुणी स्वच्छतेच्या भरात रेग्युलेटरवर चिकटपट्टी किंवा प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळतं. छिद्र अर्धवट बुजलं तर पडदा सुस्त होतो, ज्योत कमी-जास्त होत राहते. पण समजा ते पूर्ण बंद झालं. वरच्या कप्प्यातली हवा आता कोंडली गेली. पहाटे २० अंश असताना कोंडलेली हवा दुपारी ४० अंशांवर गेली तर तिचा दाब एका चौरस सेंटीमीटरवर सुमारे ७० ग्रॅमनं वाढतो. हे सत्तर ग्रॅम स्प्रिंगच्या जोरात मिसळतात. शेगडीकडे ३० ऐवजी १०० ग्रॅम जातात. इतकं हवाबंद छिद्र बुजणं विरळा, हे मान्य. तरी या उदाहरणात सगळं सार आहे. स्प्रिंग चांगली, पडदा चांगला, चकती चांगली. तरीही दाब तिप्पट, कारण बाहेरच्या हवेचा दाब किती, याबद्दल रेग्युलेटरची फसवणूक झालेली आहे.

चौथा प्रकार आपण स्वतः घडवून आणतो. गॅस संपत आला की सिलिंडर आडवा करायचा, हलवायचा, गरम पाण्यात ठेवायचा. रेग्युलेटर वाफेसाठी केलेला असतो. सिलिंडर आडवा केला की द्रव त्याच्यापर्यंत येतो. द्रवाची वाफ होताना आकारमान अडीचशे पटींच्या आसपास वाढतं, आणि हे घडतं रेग्युलेटरच्या आत आणि पुढे नळीत. शिवाय तळाचा सगळा गाळ चकतीकडे धावतो. त्या दिवशी भाजी शिजते, आणि चकतीवर कण अडकतो तो पुढचे कित्येक महिने.

वडापावच्या गाड्यांवर आणि हॉटेलांच्या भट्ट्यांवर मोठ्या दाबाचे रेग्युलेटर वापरतात. ते घरच्या शेगडीला लावू नयेत, एवढं सांगून पुढे जातो.

मी म्हणतो ती फसवणूक मोठ्या प्रमाणावर झाली तर काय होतं, याचं उदाहरण अमेरिकेतलं आहे. मॅसॅच्युसेट्स राज्यात मेरिमॅक नदीच्या खोऱ्यात लॉरेन्स, अँडोव्हर आणि नॉर्थ अँडोव्हर ही गावं आहेत. तिथं कोलंबिया गॅस ही कंपनी नळानं गॅस पुरवत होती. जुन्या ओतीव लोखंडाच्या नळांमधून घरांना मिळणारा दाब होता आपल्या मापात ३५ ग्रॅम, आणि तो जिथून यायचा त्या मोठ्या नळात सव्वापाच किलो. आपल्या ओट्याखालच्या आकड्यांशी हे किती मिळतंजुळतं आहे पाहा. फरक एवढाच की तिथं घरोघरी रेग्युलेटर नव्हते. जमिनीखालच्या मोजक्या केंद्रांतले रेग्युलेटर हजारो घरांचा दाब सांभाळत. पुढच्या नळात दाब किती आहे, हे त्यांना कळे एका बारीक नळीतून.

लोखंडी नळ काढून प्लॅस्टिकचे बसवण्याचं काम चाललं होतं. १३ सप्टेंबर २०१८ रोजी दुपारी एक जुना नळ वापरातून बाद करण्यात आला. पण ती बारीक नळी त्या बाद झालेल्या नळालाच जोडलेली राहिली. बाद नळातला दाब हळूहळू उतरू लागला. रेग्युलेटरला वाटलं, गावातला दाब उतरतोय. तो उघडत गेला, पुरता उघडला. सव्वापाच किलोंच्या नळातला गॅस ३५ ग्रॅमच्या शेगड्यांकडे आणि बंबांकडे निघाला. मुख्य रेग्युलेटर बिघडला तर सांभाळून घेण्यासाठी केंद्रात दुसरा रेग्युलेटर होता. पण त्यालाही खबर पोचत होती त्याच बाद नळातून. त्यामुळे दोघंही एकदमच फसले. तीन गावांत एकाच वेळी घरं पेटली. अठरा वर्षांच्या एका मुलाच्या गाडीवर स्फोटात घराचं धुराडं कोसळलं आणि तो गेला. वीसहून अधिक माणसं जखमी झाली, १३१ इमारतींचं नुकसान झालं. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानं चौकशी केली, तेव्हा दोष निघाला कामाच्या आखणीत आणि देखरेखीत. कामाच्या आराखड्यात त्या बारीक नळ्या हलवायचा उल्लेखच नव्हता. २०२० साली कंपनीनं न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि ५ कोटी ३० लाख डॉलरचा दंड भरला.

तिथल्या रेग्युलेटरमध्ये एकही तुटलेला भाग नव्हता, हे लक्षात घ्या.

मुंबई-पुण्यात नळानं येणारा गॅस घेणाऱ्यांना यातून धास्ती वाटायला नको. आपल्याकडे दाब टप्प्याटप्प्यानं उतरवतात आणि शेवटचा रेग्युलेटर प्रत्येक घराच्या मीटरपाशी असतो. तो दाब सुमारे २१ ग्रॅमवर आणतो. रस्त्यावरच्या एका रेग्युलेटरनं दगा दिला तरी घराजवळचा दुसरा मध्ये उभा राहतो. सिलिंडरवाल्यांना तो दुसरा नाही. त्यांचा सगळा भरवसा एका डबीवर आहे, आणि महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातली बहुतेक घरं सिलिंडरवालीच आहेत.

आता तपासणीकडे येतो. सिलिंडरच्या कड्यापाशी पुढच्या चाचणीची तिमाही आणि साल लिहिलेलं असतं. भगव्या सुरक्षा नळीची मुदत पाच वर्षांची, तीही आता लोकांना माहीत झाली आहे. रेग्युलेटर मात्र किती वर्षांचा आहे, हे घरात कुणालाच सांगता येत नाही. सासूबाईंच्या वेळेपासूनचा, एवढंच उत्तर मिळतं. त्याच्या आतला पडदा आणि चकती रबराचेच आहेत आणि रबर सगळीकडे म्हातारं होतं. वर्षानुवर्षं चाललाय म्हणजे चांगला आहे, हा निष्कर्ष या वस्तूच्या बाबतीत काढता येत नाही. पडदा फाटण्याच्या आदल्या दिवशीही ज्योत निळीच असते.

दर पाच वर्षांनी वितरकाचा माणूस घरी तपासणीला येतो. तो नळी पाहतो, सांध्यांना साबणाचं पाणी लावतो, बुडबुडे येतात का पाहतो. हे योग्यच आहे. घरी तुम्हीही साबणाचंच पाणी लावा, काडी कधीही ओढू नका. पण साबणाचं पाणी बाहेर गळणारा गॅस दाखवतं, आत चढलेला दाब दाखवत नाही. दाब पाहायला ही काचेची नळी, थोडं पाणी आणि एक पट्टी पुरते. त्या माणसानं दोन आकडे घेतले पाहिजेत. एक शेगडी चालू असताना. दुसरा शेगडी बंद करून रेग्युलेटर चालू ठेवून दहा मिनिटांनी. पहिला आकडा ३० सेंटीमीटरच्या जवळपास हवा. दुसरा त्याहून थोडा वर चढून थांबायला हवा. तो थांबत नसेल, चढतच राहत असेल, तर रेग्युलेटर तिथंच बदलला पाहिजे. या कामाला पाव तास लागतो.

हे मोजमाप प्रशिक्षित माणसानंच करावं, तुम्ही घरी करू नये. तुम्ही मागणी करावी. रेग्युलेटर अनामत घेऊन तुम्हाला वितरकाकडून मिळालेला आहे, त्यामुळे तो तपासून मागणं हा तुमचा हक्क आहे. उद्या घरी गेलात की रेग्युलेटर घेतल्याची तारीख जुन्या कागदपत्रांत शोधा आणि सापडली तर गॅसच्या पुस्तकावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. सापडली नाही तर रेग्युलेटर जुना आहे असंच समजा आणि वितरकाला तपासायला सांगा. वास आला तर विजेच्या बटणांना हात लावू नका, रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर जा आणि बाहेरून १९०६ या क्रमांकावर फोन करा. आणि पुढच्या वेळी तपासणीचा माणूस आला, कागदावर सही मागू लागला, तर सही करण्याआधी त्याला दोन्ही आकडे विचारा.